साटमांचं बारावं बिऱ्हाड

साटमांच्या घरात दूध उतू जातं ते मुद्दाम.

पहिल्यांदा हा प्रकार घडला तेव्हा आम्हाला वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. रविवार, सकाळची अकराची वेळ. समोरच्या बंद दारातून करपलेल्या दुधाचा असा काही वास यायला लागला, की मी परातीतली कणीक तशीच टाकून धावले. म्हटलं, एकटा माणूस, गॅस चालू ठेवून बाहेर गेला असेल, नाहीतर आत चक्कर येऊन पडला असेल. दणादण बेल वाजवली. दार उघडलं ते खुद्द साटमांनीच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. आत ओट्यावर दूध भसाभसा उतू जातंय, बर्नर विझायला आलाय, आणि त्याच ओट्याच्या कडेला एक कॉम्प्युटर मांडलाय. त्याला हळदकुंकू, वर एक जास्वंद.

"अहो भाऊजी, दूध!" मी ओरडले.

"जाऊ द्या वहिनी," साटम म्हणाले. "गृहप्रवेश आहे."

"कुणाचा?"

"भाषेचा."

मी आधी गॅस बंद केला. मग घरी येऊन ह्यांना सांगितलं, समोरचा माणूस काही सरळ दिसत नाही, दाराला आतून कडी लावत जा.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आज साटमांबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर मी भांडायला उठते. मी स्वतः बोलते, तो माझा शेजारधर्माचा हक्क आहे. पण दुसऱ्या कुणी बोलायचं काम नाही.

तर आधी ही भाषा काय ते सांगते. मला कळली तशी सांगते म्हणजे तुम्हालाही कळेल, कारण मी जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बसलेली बाई. माझा कॉम्प्युटरशी संबंध त्याच्यावरची धूळ पुसण्यापुरता.

दिगंबर साटम मूळचे मालवणकडचे. वसई पूर्वेला एका छोट्या कारखान्यात नोकरी केली. तिथे यंत्रं चालवणारी पॅनल बनायची. गिऱ्हाईक कोण, तर बर्फवाले, बेकरीवाले, रंगाचे कारखानेवाले. त्यांच्याकडे यंत्रावर उभी राहणारी माणसं कामात वस्ताद, पण इंग्रजी दिसलं की मागे सरकायची. प्रत्येक बारीकसारीक बदलाला साटमांना बोलावणं यायचं. शेवटी साटमांनी ठरवलं, की ह्या माणसांना आपलं यंत्र आपल्या शब्दांत चालवता आलं पाहिजे. आणि त्यांनी घरी बसून नवीन भाषाच बनवली. नाव ठेवलं 'हुकूम'. शब्द मोजकेच. जर, तर, नाहीतर, थांब, पुन्हा, बोंबल. हो, बोंबल. धोक्याची शिट्टी वाजवायची असेल तर 'बोंबल' असं लिहायचं. मी विचारलं, हे काय शोभतं का? तर म्हणाले, "वहिनी, टाकी फुटायच्या वेळेला माणूस शोभा बघत नाही."

आता माणसाने लिहिलेला हुकूम यंत्राला थेट कळत नाही. मधे दुभाष्या लागतो. त्या दुभाष्याला म्हणायचं कंपायलर, आणि तोही साटमांनीच लिहिला. भानगड अशी, की प्रत्येक जातीच्या यंत्राची बोली वेगळी. ह्या चिपवर फडाफडा बोलणारा दुभाष्या त्या चिपवर नेऊन बसवला की मुका. मग त्याला नवी बोली शिकवायची. यंत्रं तर दर चार-पाच वर्षांनी बदलणार. ह्या उद्योगाला साटम म्हणतात बिऱ्हाड हलवणं. माझ्यासमोर दूध उतू गेलं ते दहावं बिऱ्हाड होतं.

"बिऱ्हाड हलवणं म्हणजे टेम्पोत सामान टाकणं नव्हे वहिनी," ते मला नेहमी सांगतात. "नव्या घरात माणसाला झोपेत उठून ठेच न लागता पाणी पिता आलं पाहिजे. तेव्हा बिऱ्हाड हललं म्हणायचं."

त्यात आणखी एक पेच. हा दुभाष्या त्यांनी 'हुकूम'मध्येच लिहिलेला आहे. म्हणजे नव्या यंत्रावर तो चालायला आधी तिथे दुभाष्या पाहिजे, आणि दुभाष्या तर अजून आलेलाच नाही. माळ्यावर चढायची शिडी माळ्यावरच ठेवावी तसा प्रकार. साटम ह्यावर काय करतात, तर जुन्या यंत्रावर बसून दुभाष्याला नव्या यंत्राची बोली शिकवतात आणि तयार करून तिकडे पाठवतात. म्हणून जुनं यंत्र कधी टाकायचं नाही. त्यांच्या दोन खोल्यांपैकी आतली खोली जुन्या कॉम्प्युटरांनी भरलेली आहे. तिला ते आजोळ म्हणतात. स्वतः बाहेर सोफ्यावर झोपतात.

आमच्याकडे नवं वॉशिंग मशीन आलं तेव्हा बाकीचे शेजारी पेढे खायला आले, साटम पेचकस घेऊन आले. पाठीमागची पत्र्याची पट्टी काढली, टॉर्च मारला, भिंग लावलं आणि असे काही खुलले, की जणू त्यांच्याच घरी पाळणा हलला. "यावर आपली भाषा चालेल वहिनी!" मी म्हटलं, "भाऊजी, यावर आधी आमचे कपडे चालू देत." लिफ्टचं पॅनल बदलायला मेकॅनिक आला तर त्याला चहा पाजून पाजून कुठली चिप, कुठली चिप म्हणून इतकं हैराण केलं, की तो बिचारा पुढच्या वेळेला जिन्याने वर आला. मशीनमध्ये बिघाड झाला तर त्याला ते बिघाड म्हणत नाहीत. म्हणतात, "कुरबुर आहे. नवं घर आहे, थोडी कुरबुर व्हायचीच."

एवढी मरमर कुणासाठी? हे मी एकदा तोंडावर विचारलं. माझ्या पोटात काही राहत नाही. साटम म्हणाले, पूर्वी पंचवीसेक ठिकाणी 'हुकूम' चालायचा. बेकऱ्या बंद झाल्या, रंगाच्या कारखान्यांवर टॉवर उभे राहिले. आता एकच जागा उरली, पाचूबंदरचा बर्फाचा कारखाना. आणि 'हुकूम' लिहिणारा माणूसही एकच उरला, तिथला इनास.

"माझी बायको गेली तेव्हा घरातलं बोलणं गेलं," साटम म्हणाले. "इनास घरी बसला की हेही बोलणं जाईल. भाषा करून ठेवली वहिनी, पण बोलायला समोर कुणीतरी लागतं ना."

मी त्यांना वाटीभर आमटी नेऊन दिली.

हा इनास मी पाहिला होता. पाचूबंदरला ताजे बोंबील मिळतात म्हणून मी साटमांबरोबर दोनतीनदा गेले होते. वसई किल्ल्याच्या पलीकडची कोळ्यांची वस्ती, रस्त्याच्या कडेला काठ्यांवर सुकत घातलेली मासळी, आणि एका टोकाला हा पत्र्याचा कारखाना. मालकीण फिलोमिनाबाई, नवऱ्यामागे धंदा सांभाळणारी खमकी बाई. इनास तिथे तिच्या सासऱ्याच्या वेळेपासूनचा. काटक म्हातारा, गळ्यात क्रूस, अंगात दोन स्वेटर. डोळ्यांत काचबिंदू. उजेड आणि सावली एवढंच कळतं. पण कारखान्यात शिरला की त्याला दिसत नाही हे कुणाला सांगून पटणार नाही. टाकीत मिठाचं पाणी शून्याच्या खाली दहा अंशांपर्यंत गार ठेवायचं आणि त्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवून बर्फ धरायचा, असं ते काम. इनास ते कानांनी चालवतो. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे पंप सुरू. तीन म्हणजे बर्फ धरला. एक लांब शिट्टी म्हणजे बोंबल, काहीतरी बिनसलं. हे सगळं त्याने स्वतः 'हुकूम'मध्ये लिहिलेलं. साठ-सत्तर ओळी, सगळ्या तोंडपाठ. ऋतू बदलला की हा गृहस्थ पुढ्यातल्या कीबोर्डवर बोटांनी चाचपत सतरा नंबरच्या ओळीतला आकडा बदलतो आणि वर मान करून शिट्ट्या ऐकतो.

आणि ह्या दोघांचं बोलणं! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसले.

"इनास, जर चहा, तर बसतो. नाहीतर निघतो."

"थांब," इनास म्हणायचा. "जर दूध संपला आसंल तर?"

"तर काळा."

"पुन्हा?"

"पुन्हा दोन कप. मग थांब."

फिलोमिनाबाई मला म्हणाल्या, "ही दोगं बोलायला लागली का आमी कोनी मदी पडत नाय."

गेल्या पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, होड्या किनाऱ्याला लागल्या, कारखाना दोन महिने बंद झाला आणि इनास घरी गेला. एका दुपारी फिलोमिनाबाईंचा साटमांना फोन आला. पुसून झाल्यावर कॉम्प्युटरची पेटी चालू करून बघितली, तर ती चालूच होईना. साटम धावत गेले, मीही गेले. खाऱ्या हवेने आतलं सगळं खाऊन टाकलं होतं. साटमांनी पेटी उघडली, बघितली आणि टोपी काढून बाजूला ठेवली.

फिलोमिनाबाईंनी आधीच एका कंपनीच्या इंजिनियरला विचारलं होतं. तो म्हणाला, जुनं सगळं काढा, नवीन पॅनल बसवतो, काचेचा पडदा, बोट लावलं की काम. आता आंधळ्या माणसाला काचेच्या पडद्याचं काय कौतुक? काचेवर चाचपायचं तरी काय?

"इनासमामाला घरी बसवायचा माजा जीव होत नाय," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "पन होड्या पान्यात गेल्या का बर्फ लागनार, होड्या कोनासाटी थांबत नाय. आनि मामा काय बोलून बसलाय ते तुमाला ठाव हाय ना? ही पेटी बंद पडली का मी पन बंद. नवीन शिकायचं माजं वय नाय आनि दयेवर बसून मी पगार खानार नाय. क्रूस हातात घेऊन बोललाय."

"त्याला सांगितलंत?" साटमांनी विचारलं.

"कुटला सांगते!"

"मग सांगू नका. होड्या निघायच्या आत पेटी चालू होईल. त्याने हात लावला तर त्याला वाटलं पाहिजे, आपण पावसाळ्याआधी सोडून गेलो ती हीच."

असं हे बारावं बिऱ्हाड सुरू झालं. जुन्या जातीची पेटी आता बाजारात मिळत नाही. साटमांनी काड्यापेटीएवढा एक नवा बोर्ड आणला. चिप अगदी वेगळ्या घराण्यातली. रोज सकाळी आजोळात बसून दुभाष्याला तिची बोली शिकवायची, दुपारी ओट्यावर तपासायचं. तपासायला दुसरं माणूस लागायचं, ती मी. टोपात बर्फ आणि मीठ घालून त्यात तापमान मोजायची तार बुडवायची. बर्फ आमच्या फ्रिजमधला, मीठही आमचंच. माझ्या घरातलं सरबत त्या वर्षी कोमट गेलं.

पहिल्या दिवशी आकडा उतरायला लागला. पाच, तीन, एक, शून्य. साटम पुढे वाकले. आणि शून्याच्या खाली गेल्याबरोबर त्या चिमुकल्या बोर्डाने अशी काही बोंब ठोकली, की माझ्या हातातला टोप निसटला. थोड्या वेळाने पडद्यावर तापमान दिसलं दोनशे शेहेचाळीस.

"अगंबाई, बर्फ उकळतोय!" मी म्हटलं.

साटम दोन दिवस आजोळातच बसून होते. तिसऱ्या दिवशी उलगडा घेऊनच आले. झालं असं, की लहान आकडा ठेवायच्या डब्याला जुनी चिप शून्याखालचे आकडेही धरून उचलायची. नव्या चिपला डबा उचलायचे दोन प्रकार येतात, एक उणे मानणारा आणि एक न मानणारा. साटमांनी दुभाष्याला शिकवताना चुकून दुसरा शिकवला होता. डब्यात मावतात दोनशे छप्पन आकडे, त्यामुळे उणे दहा तिला दोनशे छप्पनातून दहा गेलेले, म्हणजे दोनशे शेहेचाळीस वाटत होते.

"चूक चिपची नाही, माझी आहे," साटम म्हणाले. "वसईच्या उकाड्यात बसून लिहिलं ना, शून्याच्या खाली जग आहे हेच विसरलो."

मी आपली व्यवहारी बाई. म्हटलं, दुभाष्याला कशाला त्रास, इनासच्या ओळीतच थोडा फेरफार करा, मोठा डबा वापर म्हणावं, झालं काम. साटम माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले. चष्मा काढला.

"इनासच्या ओळीला हात लावायचा नाही. बिऱ्हाड आपण हलवतोय. घर आपण निवडलं. आणि सवय त्या म्हाताऱ्याने बदलायची? त्याच्या सगळ्या ओळी त्याला पाठ आहेत. एक ओळ हलली तरी त्याच्या पायाला ठेच लागेल. घराने जुळवून घ्यायचं वहिनी, माणसाने नाही."

बरं बाबा, म्हटलं. राहिलं.

ती कुरबुर मिटली तर दुसरी उभी राहिली. ही तर ऐकण्यासारखी आहे. इनासने तेवीस नंबरच्या ओळीत लिहिलंय, 'पुन्हा ५००० काही नाही'. म्हणजे पाच हजार वेळा काहीही करू नकोस. दोन शिट्ट्यांच्या मधे थोडी उसंत मिळावी म्हणून त्याने केलेली ही युक्ती. जुनी पेटी म्हातारी. तिला पाच हजार वेळा काही न करायला जवळजवळ अर्धा सेकंद लागायचा. नवी चिप इतकी चपळ, की पाच हजारदा काही न करून ती डोळ्याचं पातं लवायच्या आत मोकळी. दोन शिट्ट्या एकमेकींना चिकटल्या, तीनही चिकटल्या, आणि प्रत्येक वेळी एकच लांब शिट्टी ऐकू यायला लागली. म्हणजे पंप सुरू झाला तरी बोंबल, बर्फ धरला तरी बोंबल. इनासने पहिल्याच तासात कारखाना डोक्यावर घेतला असता.

म्हणून साटमांनी दुभाष्याला शिकवायला घेतलं, की 'काही नाही' असा हुकूम आला तर तो नव्या चिपच्या घाईने पाळायचा नाही, जुन्या पेटीच्या संथपणाने पाळायचा. त्यासाठी जुनी पेटी काही न करायला नक्की किती वेळ घेते ते मोजायला हवं. पाचूबंदरच्या पेटीची सख्खी बहीण आजोळात होती. तिच्यासमोर मला स्टॉपवॉच देऊन बसवलं. एका वेळचं मोजता येत नाही म्हणून शंभरदा करायला लावायचं आणि भागायचं. सलग चार दिवस मी एका यंत्राला काहीही न करताना मोजत होते. ह्यांनी दारातून डोकावून विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, काही नाही. आणि ते अगदी खरं होतं.

"भाऊजी," मी शेवटी वैतागून म्हटलं, "आमच्या कचेरीत यायचं होतंत. काही न करण्याचा वेग तिथे पिढ्यानपिढ्या जपलाय."

साटम हसले नाहीत. वहीत आकडा लिहीत होते. मग ते मला डोळे मिटून बसायला सांगायचे आणि एकदा जुनी पेटी, एकदा नवा बोर्ड अशा शिट्ट्या वाजवायचे. कुठली कुठली ओळखा. पहिल्या दिवशी मी दहापैकी दहा ओळखल्या. मग आठ. मग सहा. एका दुपारी मी म्हटलं, "मला नाही बाई सांगता येत आता." तर हा साठी उलटलेला माणूस टुणकन उठला आणि आजोळात जाऊन त्या जुन्या पेटीला नमस्कार करून आला. खरं सांगते, मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी उगाचच त्यांच्या ओट्यावरचे डाग घासायला घेतले.

होड्या निघायच्या आठवडाभर आधी आम्ही पाचूबंदरला गेलो. साटमांनी नवा बोर्ड जुन्याच पेटीत बसवला. तोच पत्र्याचा डबा, तीच गंजलेली कड, तोच झिजलेला कीबोर्ड, टेबलावर जिथल्या तिथे. टाकी गार करायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी इनास कामावर आला. फिलोमिनाबाईंनी त्याला नेहमीसारखा चहा दिला आणि स्वतः दारात क्रूस धरून उभ्या राहिल्या. साटम खिडकीशी. मी बाकावर. मला वाटतं, माझ्या मुलीच्या बारावीच्या निकालालाही मी एवढी घाबरले नव्हते.

इनास आधी टाकीकडे जाऊन आला. पाण्यात हात घातला, डबे चाचपले. मग खुर्चीत बसला. पेटीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग बोटं कीबोर्डवर आली. सतरा नंबरची ओळ काढली, आकडा बदलला, मान वर केली.

दोन शिट्ट्या. मधे अर्ध्या सेकंदाची उसंत.

इनासने मान हलवली. पंपाची धडधड ऐकली. पुन्हा काहीतरी टाइप केलं. तीन शिट्ट्या. उणे दहावर आकडा थांबला, कुणी बोंबललं नाही.

"काय रे इनास?" साटमांनी विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता, पण खिडकीचा गज त्यांनी घट्ट धरला होता.

"काय म्हंजे?" इनास म्हणाला. "रोजचंच हाय."

रोजचंच हाय! माझ्या ओठांवर आलं होतं, की अरे म्हाताऱ्या, दीड महिना हा माणूस जेवला नाही, झोपला नाही, आणि तू म्हणतोस रोजचंच? पण साटमांकडे बघितलं आणि गप्प बसले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की शाल-श्रीफळ देऊन कुणी सत्कार केला असता तरी तो आला नसता. बारा बिऱ्हाडं हलवली ती हे एक वाक्य ऐकण्यासाठीच. फिलोमिनाबाईंनी डोळे पुसले आणि साटमांना टाकी दाखवायच्या निमित्ताने बाहेर घेऊन गेल्या.

मी आणि इनास दोघेच उरलो. तो थोडा वेळ पंप ऐकत होता. मग माझ्या दिशेला मान वळवून हळूच म्हणाला,

"बाय, एक सांगू? साटमभावला बोलू नको."

"काय हो?"

"पेटी थंड हाय."

मला कळेना. इनासने दोन्ही हात काखेत घातले.

"जुनी पेटी तापायची. टाकीत हात घालून आलो का बोटं मरतात, वाकतच नाय. मंग पेटीवर हात ठेवून बसायचो. बोटं जरा गरम झाली का लिवायचो. इतकी वर्सं. ह्या कारखान्यात तेवडीच एक गरम जागा व्हती. डबा तोच हाय. पन आत दुसरं कोन बसलंय."

ह्या माणसाने हात ठेवल्याक्षणीच ओळखलं होतं. सगळ्या ओळी, सगळ्या शिट्ट्या, काही न करायचा वेळसुद्धा साटमांनी जिथल्या तिथे आणला होता. ऊब राहून गेली होती. ती कुठल्याच ओळीत लिहिलेली नव्हती.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"कशाला बोलू? मला कळू नये म्हनून किती राबला आसंल तो. आवाज कसा साधा काढत व्हता, ऐकलंस ना? माज्यासाटी एवडं मन लावून कोनी खोटं केलं नव्हतं बाय." त्याने काखेतले हात काढले, एकमेकांवर चोळले. "आनि मी बोललेलो, पेटी बंद पडली का मी घरी. पन पेटी बंद पडली आसं मला कोनी सांगितलंच नाय. मंग मी कशाला घरी बसू? मी घरी बसलो तर तो बिचारा बोलंल कोनाशी?"

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मी किटलीतून गरम चहाचा पेला भरून त्याच्या दोन्ही हातांत दिला. तो पीत नव्हता, नुसता धरून बसला. बाहेरून साटमांचा आवाज आला, "इनास, जर चहा उरला असेल, तर पाठव!"

"थांब!" इनास ओरडला. "बोटं गुतलीत!"

परत येताना बसमध्ये साटम खिडकीशी बसले होते. फिलोमिनाबाईंनी दिलेली बोंबलांची पिशवी मांडीवर. वसई स्टेशन येईपर्यंत ते एकटेच हसत होते. शेवटी राहवेना म्हणून माझ्याकडे वळले.

"वहिनी, हात ठेवून बसला होता हो पेटीवर. आणि त्याला कळलंसुद्धा नाही!"

माझ्या पोटात काही राहत नाही हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे.

"नाही हो भाऊजी," मी म्हटलं. "कसं कळणार?"